मदत हवी आहे: विरजणाला तार येते, चक्का गळत नाही (बडोदा)

श्रीखंडासाठी ५ लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावते. दूध उकळून १० मिनिटं मंद आचेवर, मग ४० अंशांपर्यंत निववून लिटरला एक चमचा विरजण. सध्याच्या उकाड्यात पाच-सहा तासांत लागतं. आंबटपणा ठीक, वासही चांगला, बुडबुडे नाहीत, म्हणजे भांड्यातली घाण नसावी. पण चमचा उचलला की लाळेसारखी तार! मलमलीत रात्रभर टांगूनही निवळी नीट सुटत नाही, चक्का चिकट राहतो.

माझा संशय विरजणावर आहे. ते विकतच्या घट्ट दह्यातून घेतलेलं. लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंच्या काही जाती साखरेचे लांब रेणू तयार करतात, ते पाणी धरून ठेवतात. वाटीतल्या दह्याला पाणी सुटू नये म्हणून अशा जाती मुद्दाम वापरतात. चक्क्याला त्याच नडतात. तसं असेल तर त्याच विरजणाने पुन्हा पुन्हा लावून तार जाणार नाही.

तेव्हा विचारायचं हे:
दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे कुणाकडे तार न येणारं जुनं घरगुती विरजण आहे का? दोन चमचे पुरतील.
मिरचीच्या देठांवर नवं विरजण धरलं, तर कितव्या वेळेपासून ते चक्क्यासाठी भरवशाचं होतं? पहिलं दही बहुधा सैल आणि बेचव निघतं, ते मी धरूनच चालते.
पावडरचं कल्चर कुणी वापरलंय? ५ लिटरला किती, आणि किती अंशांवर?

"दही जास्त वेळ ठेवा" हा सल्ला मात्र नको, त्याने नुसतं आंबट होतं.