एचपीव्हीचे तीन प्रकार एकदम निघाले, गर्भपिशवी काढायचीच का?

नमस्कार मंडळी. वहिनीसाठी विचारतेय. वय 41, गाव आर्वी तालुक्यात, जि. वर्धा.

शिबिरात सिस्टरनं पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून पाहिलं, पांढरा चट्टा उठला. पुढं एचपीव्हीची, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची, डीएनए तपासणी झाली. रिपोर्टात 16, 31, 58 तिन्ही पॉझिटिव्ह. वहिनी तेव्हापासून "माह्यं आता काही खरं नाही" म्हणत बसलीय.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी कागद पाहिला न पाहिला, "तीन-तीन व्हायरस आहेत, पिशवी काढून मोकळे व्हा." आमच्याकडं हे फार सहज सांगतात. तुकडा तपासला नाही, काही नाही, थेट ऑपरेशन? आईचंही तेच, काढा अन् कटकट मिटवा. त्यात हा संसर्ग संबंधातून येतो हे दादानं कुठंतरी वाचलं, आता घरात अबोला.

तीन प्रकार म्हणजे धोका तिप्पट का? कापूस फुटलाय, वहिनी म्हणते वेचणी झाल्यावर जाऊ. चालेल का?

प्रतिसाद: ताई, असा गुणाकार होत नाही. दोन-तीन प्रकार एकत्र सापडणं नेहमीचं आहे. धोका मुख्यतः ठरतो तो त्यातला सर्वांत घातक प्रकार कोणता आणि तो किती काळ टिकतो यावर. इथं तो 16. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के 16 आणि 18 मुळे होतात. म्हणजे 31, 58 नसते तरी कॉल्पोस्कोपी लागलीच असती. त्यात दुर्बिणीतून पाहून संशयास्पद जागेचा तुकडा घेतात. सीआयएन 1 (कॅन्सरआधीच्या बदलाची सौम्य पायरी) निघाला तर बहुतेकदा नुसती नजर ठेवतात. 2-3 (पुढची पायरी) निघाला तर सहसा लीप करून, म्हणजे विजेच्या तारेच्या फासानं, तेवढाच भाग काढतात, पिशवी जागेवर राहते.

कॅन्सर व्हायला सहसा वर्षं लागतात, पण चट्टा आणि 16 दोन्ही असताना वेचणीसाठी थांबू नका. सेवाग्रामला स्त्रीरोग ओपीडीत रिपोर्ट दाखवा. एचआयव्ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या, एचआयव्ही असेल तर एचपीव्हीचा संसर्ग लवकर जात नाही. दादांना सांगा, संसर्ग कितीतरी वर्षांपूर्वीचा असू शकतो. कुणाकडून आला हे रिपोर्टावरून कळत नाही.

धागाकर्ती: खूप आभार. याच आठवड्यात नेते. वहिनीला लस देऊन फायदा? भाची 13 वर्षांची आहे.

प्रतिसाद: झालेला संसर्ग लसीनं जात नाही. भाचीला मात्र जरूर द्या. 15 च्या आत दोन डोस पुरतात, नंतर तीन लागतात.