डेंग्यूची रजा: अर्ज कसा टाकायचा आणि हजर कधी व्हायचं?

प्रश्न : परीक्षा_विभाग
नमस्कार. विभागातल्या एका सहायकांना डेंग्यू झालाय, एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आहे. सोमवारपासून घरी आहेत. काल ताप उतरला, म्हणून परवा हजर होतो म्हणतायत, कारण परीक्षा अर्जांची मुदत जवळ आली आहे. खात्यावर किरकोळ रजा ३, अर्जित ४२ आणि अर्धवेतनी ६४ दिवस शिल्लक आहेत. रजा कोणती लावायची? आणि त्यांना इतक्यात येऊ द्यावं का? आणखी दोघांना ताप भरलाय, त्यामुळे काळजी वाटते.

उत्तर १ : आस्थापना_कार्यासन
शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना राज्याचे १९८१ चे रजा नियम लागू असतील, तर परिवर्तित रजा टाका. पूर्ण पगार मिळतो, मात्र अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. १० दिवस घेतले तर २० जातील, ४४ उरतील. अर्जित रजेला हात लावू नका, निवृत्तीच्या वेळी तिचं रोखीकरण होतं. पहिले दोन-तीन दिवस किरकोळ आणि पुढे परिवर्तित, असं करू नका. किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, आस्थापना तो अर्ज परत पाठवते.

प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का, आजाराचं नाव आणि विश्रांतीच्या "पासून-पर्यंत" तारखा हव्यात. घोळ नेमका इथेच होतो. ताप सोमवारी आला, तपासणी बुधवारी झाली आणि प्रमाणपत्रही बुधवारपासूनचं लिहिलं, तर सोमवार-मंगळवार विनापरवाना गैरहजेरीत जातात. प्रमाणपत्र हातात घेतानाच तारीख पाहून घ्या.

विभागप्रमुखांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी अर्ज कोणामार्फत तरी बारनिशीत (आवक-जावक कक्षात) देऊन आवक क्रमांक घ्या. हजेरीपटावर त्या दिवसांच्या सह्या मागाहून कोणी करू नयेत. परत येताना फिटनेस प्रमाणपत्र आणि रुजू अहवाल, दोन्ही एकाच दिवशी द्या. पगारबिल निघण्याआधी रजा मंजूर झाली नाही, तर तेवढ्या दिवसांचा पगार अडकू शकतो.

उत्तर २ : आरोग्य_केंद्र_परिचारिका
परवा अजिबात बोलावू नका, कृपा करून. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात ही वेळ येते. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, माणूस वरून बरा दिसतो आणि रक्तदाब एकदम घसरू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालयात न्या. नुसते प्लेटलेट पाहू नका. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढतंय का, हेही डॉक्टर बघतात.

तापाला पॅरासिटॅमॉलच, दोन डोसांत किमान ६ तास ठेवून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. ओआरएस (पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात), पेज, ताक, शहाळं थोडं थोडं देत राहा. दर ४ ते ६ तासांनी लघवीला होतंय ना, ते विचारा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरच सांगतील. ताप असलेल्या त्या दोघांनी आजच तपासणी करावी. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची रक्तचाचणी).

उत्तर ३ : इमारत_देखभाल
तिघे एकाच विभागातले असतील तर विभागातच डास होताहेत का, हे पाहाच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे कार्यालयीन वेळेतच. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवर टाकलेल्या मोडक्या खुर्च्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्या, सगळं तपासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहतात आणि महिन्यांनंतरही पाणी लागताच फुटतात. कडा ब्रशने घासा, मग पूर्ण वाळवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून टाका, शुक्रवार म्हणा. धुरळणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

परीक्षा_विभाग
आभार. प्रमाणपत्र बुधवारपासूनचंच आहे, आजच डॉक्टरांना दाखवतो. पपईच्या पानांचा रस देऊ का, असं घरचे विचारतायत.

आरोग्य_केंद्र_परिचारिका
त्याच्या भरवशावर राहू नका. उलट्या होत असतील तर देऊच नका, कडू रसाने त्या वाढतात आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्यांना चावलेला डास घरात इतरांना आजार देणार नाही.