कॅफेच्या पडद्यांविरुद्धच्या निवेदनावर मी सही केली नाही

रंकाळाकाठ

प्रभूमध्ये सलाम, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना नमस्कार. या धाग्याचा विषय आमच्या घरातला, म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतला आहे, पण दार उघडंच ठेवतो.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीच्या दारात टेबल मांडलेलं. वर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावचं निवेदन, विषय ‘समाजाची ढासळती नीतिमत्ता’, आणि शेजारी सह्यांचे कोरे कागद. मागण्या चार. कॉलेजांजवळच्या कॅफेतले पडदे आणि कंपार्टमेंट काढा. परमिट रूम लवकर बंद करा. मिरवणुकीतला डॉल्बी आणि त्यावरची गाणी थांबवा. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना खोली देणाऱ्या घरमालकांची नोंद ठेवा.

मी सही केली नाही. टेबलावरच्या भगिनींनी दोनदा पेन पुढं केलं, मी दोनदा चष्मा विसरल्याचं सांगितलं. चष्मा खिशात होता.

कारण एवढंच, की चार मागण्यांत मला स्वतःला काही सोडावं लागेल अशी एकही नव्हती. मी कॅफेत जात नाही, दारू पीत नाही, डॉल्बीपुढं नाचायला गुडघे उरलेले नाहीत आणि बायको लग्नाची आहे. म्हणजे सही करून मला फुकटात नीतिमान होता येत होतं.

मी एका सरकारी कार्यालयातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालो. पैसे खाल्ले नाहीत, हे खरं. पण शेजारच्या टेबलाखालून पाकीट सरकलं की खिडकीबाहेर बघायचं, ही कला मला उत्तम येत होती. या एकतीस वर्षांत सिनेमावर, तंबाखूवर, मुलींच्या कपड्यांवर किती उपदेश ऐकले याचा हिशेब नाही. बायबलमधल्या लूकच्या तिसऱ्या अध्यायावर एकही नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार येतात, ‘आम्ही काय करावं?’ विचारतात. तो म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात. तो म्हणतो, कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. आमच्या मंडळीत निम्मे लोक नोकरदार. हा अध्याय नेमका आमच्यावर लिहिलाय, आणि तोच कुणी उघडत नाही.

माझं चुकत असेल तर सांगा.

बावड्याचा वडील

चुकतंय. मी मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ. निवेदन मीच लिहिलं, म्हणून उत्तरही मलाच द्यायला हवं.

भाऊ, ‘आधी आपलं घर झाडा, मग रस्त्याचं बोला’ हे ऐकायला गोड आहे, पण घर कधी झाडून संपतं का? म्हणजे कायमचं गप्प बसायचं. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सनं हाच विचार केला असता तर १८०७ चा गुलामांच्या व्यापारावरच्या बंदीचा कायदा झाला नसता. त्याच्या देशातल्या चर्चच्या संस्थांकडंही मळ्यांवर गुलाम होते. हात स्वच्छ होईपर्यंत थांबा, असं त्यानं म्हटलं नाही.

माझा पुतण्या चोवीस वर्षांचा. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळला, आईचं गंठण गेलं, मग दारू. मागच्या वर्षी आम्ही त्याला पुरला. त्या दिवशी कबरस्तानात ‘कुसळ आणि मुसळ’ वर बोलायची हिंमत कुणी केली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. आम्ही पृथ्वीचं मीठ आहोत ना? मीठ बरणीत झाकण लावून ठेवायला दिलेलं नाही.

रंकाळाकाठ

दादा, पुतण्याचं मला माहीत नव्हतं. मनापासून वाईट वाटलं.

पण बघा, तुमच्या निवेदनात मोबाईलवरच्या जुगाराचा एक शब्द नाही. ज्यानं तुमचं घर बुडवलं ते राहिलं आणि पडदे आले. पडदे आधी का सुचले? कारण ते दुसऱ्याच्या पोरांचे आहेत.

पेठेतला

मी ख्रिस्ती नाही, शिवाजी पेठेतला. पण हसू आलं राव. आमच्या तालमीनं पण सेम निवेदन दिलंय, फक्त डॉल्बीची मागणी सोडून. ती का सोडली ते विचारू नका, मंडळाची मिरवणूक आमचीच असते.

एक सांगतो मात्र. कायद्यानं नीती येत नाही म्हणणाऱ्यांनी कोल्हापुरात राहून तसं म्हणू नये. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड होता. त्या काळातला रुपया! १९२० ला देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. आणि परवाचं हेरवाड घ्या, शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं, असंच करा. तेव्हा बावड्याचे काका अगदीच चुकीचे नाहीत.

मिरजेची सिस्टर

मी चाळीस वर्षं परिचारिका होते, आधी मिरजेला, मग कोल्हापुरात. वाद घालायला येत नाही, दोन गोष्टी सांगते.

मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला. शिकाऊ असताना आम्हाला तिथल्या जुन्या मेट्रननी शिकवलं होतं: रात्री कुणी मुलगी आली, पोट दुखतंय म्हणाली, तर ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न नर्सनं विचारायचा नाही. डॉक्टरांना उपचारासाठी जे लागेल ते डॉक्टर विचारतील. तुम्ही गरम पाणी आणा. ते वाक्य मी आयुष्यभर वापरलं. अशा मुलींपैकी तिघी-चौघी अजून नाताळला भेटायला येतात. एकीचीही चौकशी केली असती तर ती दुसऱ्या रात्री विहिरीवर गेली असती, असं मला आजही वाटतं.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्यांनी १८८२ साली, ख्रिस्ती होण्याआधी, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. बायकांनी कसं वागावं, कसं शिकावं, घर कसं सांभाळावं, असा सगळा उपदेश. चांगलंच पुस्तक होतं. पण पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा घेऊन त्या केडगावला आल्या, तेव्हा त्यांना पुस्तक पुरलं नाही. विहिरी खणाव्या लागल्या, धान्य साठवावं लागलं, शिवण आणि विणकाम शिकवावं लागलं. ज्यांना समाज ‘वाया गेलेल्या’ म्हणे त्यांच्यासाठी ‘कृपासदन’ म्हणून वेगळं घर काढलं. नाव बघा. सुधारगृह नाही म्हटलं.

निवेदनावर मी सही केलीय, खरं सांगते. दारात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणवलं नाही. पण तुमच्या चौथ्या मागणीनं माझी झोप उडाली. घरमालकांची नोंदवही निघाली तर आधी कुणाच्या खोल्या जातील? आमच्या नर्सेसच्या. तीन मुली मिळून राहतात, रात्री दोनला ड्यूटीवरून येतात, कधी भाऊ सोडायला येतो. वहीत लिहिणाऱ्याला भाऊ आणि मित्र यातला फरक दिसत नाही.

कागल एमआयडीसी

सिस्टरना शंभर वेळा आमेन.

मी मंडळीच्या तरुण संघातला. मला लिव्ह-इन पटत नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या घरी फोन जाईल. पण नोंदवही मागताना आपण कोण हे विसरतोय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. आज आपण म्हणतोय, कोण कुणाच्या घरात जातं ते लिहून ठेवा. उद्या आपल्या घरप्रार्थनेला कोण कोण येतं त्याची वही निघाली तर कुठल्या तोंडानं ओरडणार?

आणि पडद्याबद्दल. माझा एक मित्र, आपल्याच मंडळीतला. मुलगी आपल्याच मंडळीतली. दोघांची घरं दोन गल्ल्या सोडून. तरी तीन वर्षं पडद्यामागं भेटले. का? कारण मुलीच्या घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मुळचे कोण?’ चार पिढ्या ख्रिस्ती होऊन झाल्या, अजून मुळचे कोण! एका घाटावर पाणी पिऊ दिलं नाही म्हणून आजोबा चर्चमध्ये आले, आणि नातवाला चर्चमधल्यांनी पाटावर बसू दिलं नाही. वर मुलाकडून मोटरसायकलची यादी, मुलीकडून सोन्याची. यावर कुणाचं निवेदन?

पेठेतला

ऑं? तुमच्यात पण?

कागल एमआयडीसी

आमच्यात पण, दादा.

बावड्याचा वडील

तरुण मुलांनी जातीचं आणि हुंड्याचं बोललं ते मला लागलं, कारण माझ्या थोरल्याच्या लग्नात फ्रीज आला होता. मी मागितला नव्हता. परतही केला नव्हता.

पण पडद्याच्या बाबतीत मी मागं येणार नाही, आणि ते का हे नीट ऐका. निवेदन लिहायला बसण्याआधी एक आई माझ्याकडं आली होती. आपल्या मंडळीतली नाही. मुलगी अकरावीत. त्या कंपार्टमेंटमध्ये बसलेली असताना कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला, मग तोच दाखवून पैसे मागितले, मग पैशांपेक्षा वाईट काही मागितलं. आई पोलिसांत जायला घाबरते, बापाला कळलं तर तो मुलीलाच मारील. तुम्ही सगळे प्रेमी युगुलांचं बोलताय. मी त्या मुलीचं बोलतोय. हे निवेदनात उघड लिहिता येत नव्हतं म्हणून ‘पडदे’ असं लिहिलं.

रंकाळाकाठ

दादा, मग हेच लिहा ना. तिचं नाव कशाला? ‘कॅफेत चोरून चित्रीकरण करून मुलींना धमकावणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, मुलींना तक्रार करता यावी म्हणून महिला पोलीस द्या.’ यावर मी अंथरुणातून उठून सही करीन. पडदे काढा म्हटलं की दोषी ठरते आत बसलेली मुलगी.

एक पाळक (दुसऱ्या गावचे)

मला निवेदनाच्या विषयातल्या एकाच शब्दाची अडचण आहे: ‘ढासळती’. कुठून ढासळती? पेठेतल्या बंधूंनीच सांगितलं की १९२० साली याच संस्थानात मुलींना देवाला सोडू नका म्हणून कायदा करावा लागला. आमच्या आजोबांच्या काळात बायकोला मारणं कुणी गुन्हा मानत नव्हतं, तो दिनक्रम होता. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे: पूर्वीचे दिवस आजच्याहून बरे का होते, असं विचारू नको, हा प्रश्न शहाणपणाचा नव्हे. यहेज्केल संदेष्ट्यानं सदोम या पापासाठी बदनाम नगराचं पाप मोजून दाखवलं तेव्हा आधी काय आलं? गर्व, भरपेट अन्न, निवांत सुख, आणि गरिबाला हात न देणं. आम्ही पाळक मंडळी सदोमावर बोलतो तेव्हा हे वचन सोयीस्करपणे वगळतो. मीही वगळलंय.

आणि करिंथच्या मंडळीला पत्रात प्रेषित पौल सरळ लिहितो, बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडं कुठं आहे? आतल्यांचा तुम्ही करता ना? आपण हे नेमकं उलटं चालवलंय. आतल्यांना सांभाळून घेतो, बाहेरच्यांना निवेदन.

बावड्याचा वडील

पाळकसाहेब, आदर ठेवून बोलतो. जुने दिवस सोन्याचे होते असं मी कुठं म्हणालो? पण दहा वर्षांच्या पोराच्या हातात जे आज दिसतं ते माझ्या आजोबांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वाईट जुनंच असेल, दुकान घरात आलंय हे नवीन आहे.

आणि ‘बाहेरच्यांचं आपल्याला काय’ म्हणालात, तर मिशनरी विल्यम कॅरीचं काय? कलकत्त्याच्या आसपास किती बायका सती जातात याची त्यांनी मोजणी करवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जाळल्या जाणाऱ्या बायका त्यांच्या मंडळीतल्या नव्हत्या.

रंकाळाकाठ

कॅरींचं बरं काढलंत. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा हुकूम बंगालीत भाषांतरासाठी त्यांच्याकडं आला तो रविवारी सकाळी, असं चरित्रकार सांगतात. ते उपदेशाला निघाले होते. उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि भाषांतराला बसले, कारण एका दिवसाचा उशीर म्हणजे आणखी काही बायका.

म्हणजे बाहेरच्यासाठी बोलू नये असं माझंही म्हणणं नाही. कुणाचा जीव, कुणाची मुलगी, कुणाचं पोट यात अडकलंय तिथं कायदा मागा, मी पुढं. माझी तक्रार नुसत्या नाक मुरडण्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या चर्चवाल्यांनी १९२० ला देशभर दारूबंदी आणली. तेरा वर्षांत ती उठली, आणि तोवर चोरट्या दारूचे टोळीवाले गबर झाले. आपल्याकडं बाटली आडवी, म्हणजे गावातलं दारूदुकान मतदानानं बंद, करायची तर गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मत द्यावं लागतं. ती बाटली आडवी होते कारण मार खाणारीच मत देते. तिथं बाहेरून कुणी नीती शिकवायला गेलेलं नसतं.

मिरजेची सिस्टर

परमिट रूम लवकर बंद झाली तर कॅज्युअल्टीत थोडी शांतता मिळेल एवढं मात्र खरं. ती मागणी ठेवा.

बावड्याचा वडील

ठीक. चौथी मागणी काढतो. नर्सेसचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सिस्टर, माफी असावी. पहिली बदलून लिहितो, पण ‘पडदे’ हा शब्द राहणार, यावर मी हटणार नाही. मोबाईलवरच्या जुगाराची मागणी वाढवतो.

रंकाळाकाठ

आणि वर एक ओळ. मागणी नाही, आमच्याबद्दलची. ‘खाली सही करणारे आम्ही लग्नात हुंडा घेणार-देणार नाही, मुळची जात विचारणार नाही, आणि कामासाठी पाकीट घेणार-देणार नाही.’

बावड्याचा वडील

भाऊ, दोनशे बारा सह्या झाल्यात. ती ओळ वर घातली तर परत सगळ्यांकडं जावं लागेल. आणि चाळीस राहतील.

कागल एमआयडीसी

पाकीट ‘देणार नाही’ पण? काका, मला पुढच्या महिन्यात आरटीओत जायचंय.

रंकाळाकाठ

तुझ्यासाठीच घातलीय. बुधवारी घरप्रार्थना माझ्याकडं आहे. दादा, कागद घेऊन या. चष्मा लावून बसतो.

पेठेतला

ती ओळ आम्हाला पण पाठवा. तालमीच्या निवेदनावर घालून बघतो. सही एक पण व्हायची नाही, पण अध्यक्षांचं तोंड बघायचंय.