अ‍ॅट्राझिन पातळ होतंय की खरंच मोडतंय? काटोलकडच्या विहिरींना समस्थानिक चाचणी हवी का?

काळा_दगड: काटोल-कळमेश्वर पट्ट्यात मक्यावर अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारतात. समजा, एका विहिरीत ते मृगाआधी लिटरला १.६ मायक्रोग्रॅम होतं आणि दिवाळीनंतर ०.५. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा २, म्हणजे अहवाल दोन्ही वेळा ‘पिण्यायोग्य’. पण उतार कशामुळे, पावसाच्या पाण्याने की जिवाणूंमुळे? पाणी मिसळल्याने औषधातल्या कार्बन-१३ चं (कार्बनच्या जड समस्थानिकाचं) प्रमाण हलत नाही. रेणू मोडताना मात्र हलक्या कार्बन-१२ चा बंध आधी तुटतो आणि उरलेलं औषध जड होत जातं. निगराणीच्या विहिरींना हे प्रमाण मोजणारी समस्थानिक चाचणी सक्तीची करा, असं माझं मत.

रिकामी_बाटली: सक्तीची? आधी पाण्याचा हिशेब करा भाऊ. ०.५ च्या पाण्याचे १० लिटर म्हणजे ५ मायक्रोग्रॅम. औषध धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या काडतुसातून ८० टक्के निघालं तर ४, त्यात कार्बन १.८. अर्क ३० मायक्रोलिटरपर्यंत आटवून २ टोचले, तर यंत्रात जेमतेम १२० नॅनोग्रॅम कार्बन जातो. नायट्रोजन पाहायचा तर त्याहून कितीतरी जास्त पाणी लागेल. वर ह्युमिक (कुजलेल्या पालापाचोळ्याचा) कचरा. यंत्रात सगळं जळून कार्बन डायऑक्साइडच होतं. आलेखातल्या औषधाच्या शिखराखाली दुसरं संयुग लपलं असेल तर तो कार्बन कुणाचा हे यंत्र सांगत नाही. त्यापेक्षा एलसी-एमएस या नेहमीच्या मापन यंत्रावर, विघटनातून बनणाऱ्या डीईथाइल-अ‍ॅट्राझिनचं मूळ औषधाशी गुणोत्तर काढा. स्वस्त पडतं.

काळा_दगड: स्वस्त आहे, पण फसवं. डीईथाइल मातीला कमी चिकटतं, म्हणून पुढे पळतं. आणि विघटन जलअपघटनाने (पाण्याशी अभिक्रिया होऊन) झालं तर हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझिन बनतं, ते मातीला घट्ट धरून बसतं. म्हणजे गुणोत्तर शून्याजवळ, तरी अर्धं औषध मोडलेलं असू शकतं! कार्बनसोबत नायट्रोजनही मोजला तर वाट कळते. जिवाणूंच्या जलअपघटनात उरलेल्या अ‍ॅट्राझिनचा नायट्रोजन हलका होतो, डीईथाइलच्या वाटेने जड.

रेले_विरोधी: वाट कळेल, टक्केवारी नाही. समजा δ१३C (प्रमाण नमुन्याच्या तुलनेत कार्बन-१३ किती कमी-जास्त, दर हजारी) −२९.५ वरून −२७.० ‰ झाला. आर्थ्रोबॅक्टर ऑरेसन्स टीसी१ या जिवाणूचा गुणांक (मोडताना समस्थानिकांत किती फरक पडतो तो) −५.४ धरला तर ३८ टक्के मोडलं. स्यूडोमोनास एडीपीचा −१.८ धरला तर ७६ टक्के! अभिक्रिया तीच, दुसऱ्या जिवाणूत पेशीच्या आत शिरणंच मंद, त्यामुळे फरक झाकला जातो. सांद्रता कमी असली की हे झाकणं आणखी वाढतं. तुमच्या विहिरीतला जिवाणू कोणता, सांगू शकता? शिवाय आपल्या बोअरवेलना केसिंग मुरमापुरतं, खाली बेसाल्ट उघडा. चार भेगांचं जुनं-नवं पाणी एकत्र येतं आणि ही टक्केवारी काढणाऱ्या रेलेच्या सूत्रातून विघटन खऱ्यापेक्षा कमीच निघतं.

काळा_दगड: टक्केवारीचा मुद्दा मान्य. पण २ ‰ पेक्षा जास्त सरक हा विघटनाचा पुरावा आहेच. सरक नसणं मात्र विघटन नसल्याचा पुरावा नाही, हे अहवालात ठळक लिहावं. सक्तीचा शब्दही मागे घेतो. औषधाच्या जुन्या गोदामाखालच्या, जिथे लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम सापडतात, त्याच विहिरींपुरतं बोलू.

रिकामी_बाटली: मग नमुना तरी नीट घ्या. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर क्लोरीन स्वतःच औषधाशी भिडतं. बाटलीत आधी क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घाला, नाहीतर पावडर पडायच्या आधी पाणी भरा. जतनासाठी आम्ल अजिबात नको, त्यात अ‍ॅट्राझिनचं जलअपघटन होतं. गडद काचेची बाटली, ४ अंश, आणि प्रयोगशाळेत पोचलं की लगेच काडतुसावर.

रेले_विरोधी: आणि −२९.५ हा आरंभबिंदू कुठून आणणार? वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालाचा δ१३C सारखा नसतो. गावच्या कृषी केंद्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ब्रँडची पुडी आधी मोजा, नाहीतर निव्वळ ब्रँड बदलल्यामुळे आलेली सरक विघटन म्हणून खपेल.