डाव्या मनगटाचं ऑपरेशन आणि दोन हातांचा बॅकहँड : डेल पोट्रोने नेमकं काय केलं होतं?

लेकीची_आई, कोल्हापूर

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. उजव्या हाताने टेनिस खेळते, बॅकहँड (डाव्या बाजूला आलेल्या चेंडूचा फटका) दोन हातांचा. डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, प्लॅस्टर निघालंय, फिजिओथेरपी चालू आहे. सध्या टेबलावर कोपर टेकवून अर्ध्या किलोचं डंबेल हळूहळू वर-खाली करणं, एवढाच तिचा सराव. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी नुसत्या उजव्या हाताने भिंतीवर फोरहँड मारायला परवानगी दिली. मला वाटलं पोरगी उड्या मारेल, तर म्हणाली, "अर्धं टेनिस खेळून काय करू?"

सरांनी तिला अर्जेंटिनाचा टेनिसपटू हुआन मार्टिन डेल पोट्रो याचं उदाहरण दिलं. तिने रिओ ऑलिंपिकच्या क्लिप्स पाहिल्या आणि जास्तच खचली. म्हणे, तो डेल पोट्रो आहे, माझं काय. मला एवढंच ठाऊक आहे की २००९ साली तो अमेरिकन ओपन जिंकला आणि २०१६ ला रिओत त्याला रौप्य मिळालं. मधल्या काळात काय झालं? मनगट पूर्ण बरं झाल्यावर तो परतला की त्याआधीच? आणि इतके दिवस बाहेर राहिल्यावर रँकिंगचं काय होतं? कुणी नीट सांगेल का?

बालेवाडी_गॅलरी

ताई, या माणसाचे सामने मी पहाटेपर्यंत जागून पाहिलेत, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

त्याची दोन्ही मनगटं वेगवेगळ्या वेळी गेली. अमेरिकन ओपनला उपांत्य फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२ आणि अंतिम फेरीत फेडररला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा तो विशीचा होता. पुढच्याच वर्षी, मे २०१० मध्ये, उजव्या मनगटाचं ऑपरेशन. रँकिंग पाचशेच्या आसपास घसरलं, तिथून तो पुन्हा वर आला आणि २०१२ ला लंडनमध्ये जोकोविचला हरवून ऑलिंपिक कांस्य घेतलं. या पहिल्या पुनरागमनाबद्दल फार कुणी बोलत नाही.

तुमच्या मुलीच्या कामाचं आहे ते डावं मनगट. पहिलं ऑपरेशन मार्च २०१४. जानेवारी २०१५ मध्ये सिडनीत खेळून बघितलं, दुखणं उलटलं, दुसरं ऑपरेशन. मार्चमध्ये मायामीत एकच सामना, तोही हरला. जूनमध्ये तिसरं. या काळात टेनिस सोडून द्यायच्या विचारापर्यंत आलो होतो, हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तो डेलरे बीचला उतरला तेव्हा रँकिंग हजाराच्या पलीकडे होतं. आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: नाही, मनगट पूर्ण बरं झालं म्हणून तो परतला नाही. दोन हातांचा तो सणसणीत बॅकहँड तेव्हा त्याच्याकडे नव्हताच. बहुतेक चेंडू तो एका हाताने, उजव्या हाताने, स्लाइस करून, म्हणजे रॅकेटने वरून खाली कापल्यासारखा मारून, परत टाकायचा. चेंडू खाली राहायचा, समोरच्याला वाकून उचलावा लागायचा, तेवढ्या वेळात हा सहा फूट सहा इंचांचा गडी डावीकडे सरकून फोरहँडची जागा करून घ्यायचा. समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं की बॅकहँडला मारायचं. सगळे तिकडेच मारत होते. तरी पहिल्याच स्पर्धेत डेनिस कुडलाला ६-१, ६-४ हरवून तो थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला.

रिओत नदालविरुद्धचा सामना मला सगळ्यात मोठा वाटतो तो यासाठी. नदाल डावखुरा, त्याचा क्रॉसकोर्ट (तिरका) फोरहँड उजव्या खेळाडूच्या बॅकहँडलाच उसळून येतो. म्हणजे दुखऱ्या बाजूलाच दिवसभर मारा. डेल पोट्रो पहिला सेट हरला आणि तिसऱ्यात टायब्रेकवर (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) जिंकला. पहिल्या फेरीत त्याने तेव्हाच्या अव्वल जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये घरी पाठवलं होतंच, तेही सामन्याच्या आधी लिफ्टमध्ये अडकून पडल्यावर. आणि नोव्हेंबरमध्ये झाग्रेबला डेव्हिस कपच्या (देशांच्या संघांची स्पर्धा) अंतिम लढतीत क्रोएशियाच्या चिलिचविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो सामना फिरवला. त्याआधी चार वेळा अंतिम फेरीत हरलेली अर्जेंटिना शेवटी जिंकली. मी त्या रात्री घरातल्यांना उठवलं होतं.

बॅकहँड हळूहळू आला. २०१८ ला इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात फेडररचे तीन मॅच पॉइंट वाचवून तो जिंकला, ऑगस्टमध्ये कारकिर्दीत पहिल्यांदा तिसऱ्या क्रमांकावर पोचला. तिसऱ्या ऑपरेशनला तोवर तीन वर्षं होऊन गेली होती.

रँकिंगचं: पुरुषांच्या एटीपी टूरवर सहा महिने किंवा जास्त बाहेर राहिलं तर 'प्रोटेक्टेड रँकिंग' मागता येतं. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या रँकिंगची सरासरी काढतात. त्यावर ठरावीक स्पर्धांमध्ये प्रवेश मिळतो, मानांकन (सीडिंग) मिळत नाही. ज्युनियर मुलींचे नियम वेगळे असतात, ते तुमच्या संघटनेकडूनच विचारून घ्या.

फिजिओ_पुणे

वरच्या प्रतिसादाला एक जोड. उजव्या खेळाडूच्या दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खरी ताकद डावा हात लावतो, तो जवळजवळ डाव्या हाताचा फोरहँडच असतो. रॅकेटचं डोकं खालून वर झटकताना करंगळीच्या बाजूच्या स्नायुबंधांवर सगळा ताण येतो. स्लाइसमध्ये डावा हात फक्त रॅकेट मागे न्यायला मदत करतो आणि सुटतो. म्हणून तो फटका आधी परत आणता येतो. सर्व्हिसला चेंडू उडवायलाही डावाच हात लागतो, हे मात्र लक्षात असू द्या. भार हलका असला तरी केव्हा सुरू करायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि फोरहँड मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट कसं आहे याची नोंद तिला स्वतःला ठेवायला सांगा. खेळताना दुखणं लपतं, सकाळी कळतं.

स्पष्ट_बोलतो

सगळं ठीक, पण पोरीला शेवटही सांगा. ऑक्टोबर २०१८ ला शांघायमध्ये उजव्या गुडघ्याची वाटी मोडली. जून २०१९ ला लंडनच्या क्वीन्स क्लबवर घसरला, तीच वाटी परत गेली. मग ऑपरेशनवर ऑपरेशन. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्युनोस आयर्सला डेल्बोनिसकडून ६-१, ६-३ हरला आणि कपाळपट्टी नेटवर ठेवून निघून गेला. शरीराची किंमत मोजून खेळायला सतरा वर्षांच्या मुलीला सांगायचं का?

बालेवाडी_गॅलरी

शेवट लपवू नये, मान्य. मनगटही पूर्ण गप्प बसलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डाव्या मनगटामुळेच त्याने टोरांटोतून माघार घेतली होती. पण ती माघार घेतली म्हणून महिन्याभरात तो अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत होता. २०१५ ला हाच माणूस ऑपरेशनांच्या मधल्या काळात दोनदा कोर्टवर उतरला होता. शरीर पणाला लावायला मी सांगतच नाहीये. डॉक्टरांनी जेवढं उघडलंय तेवढं मनापासून खेळावं, एवढंच म्हणणं आहे. फोरहँड, पाय, स्लाइस, कोर्टवरची जागा. याला अर्धं टेनिस म्हणू नका, तिच्या वयाच्या बऱ्याच मुलींना स्लाइस धड येत नाही.

लेकीची_आई, कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तिला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. रिओ नको, दुसरा कुठला सामना दाखवू?

बालेवाडी_गॅलरी

विम्बल्डन २०१६, दुसरी फेरी, वावरिंकाविरुद्ध. ३-६, ६-३, ७-६, ६-३. गवतावर स्लाइस किती खाली राहतो ते दिसेल. दुसऱ्या सेटपासून लावा आणि तिला चेंडूकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायला सांगा, स्लाइस मारल्यावर तो पुढचं पाऊल कुठे टाकतो ते. भिंतीवर सरावाला हेच घेता येईल.