दूध बंद करू का? (मुलीच्या अंगावरचे चट्टे)

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. आमची मुलगी १६ महिन्यांची आहे. वर्षाची झाल्यावर पावडरचं दूध थांबवून साधं गायीचं दूध सुरू केलं आणि महिन्याभरात कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या लवणीत चट्टे उठायला लागले. रात्री झोपेत कराकरा खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शिवाय जेवताना तोंडाभोवती बारीक दाणे येतात आणि तासाभरात जातात. पोट बरं आहे, वजन वाढतंय. दोन्हीकडच्या आज्या फोनवर एकच सांगतात, "दूध बाधतंय, बंद कर." डॉक्टरांची वेळ १२ दिवसांनी मिळाली आहे. तोवर बंद करून बघू का? आणि त्याऐवजी द्यायचं काय?

— रात्री तीनदा उठणारी आई

---

Re: दूध बंद करू का?

सरळ बंद करा. आमच्या चिरंजीवांचं दूध तोडलं आणि आठवड्यात अंग स्वच्छ. बकरीचं द्या, हलकं असतं.

— एक बाबा

---

Re: Re: दूध बंद करू का?

बकरीचं नको हो दादा! गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीचंही सोसत नाही, कारण त्यातली प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. म्हशीचं, मेंढीचं, तेच.

ताई, जरा लांबलचक लिहिते, कारण या वाटेने मी दोनदा गेले आहे. माझ्या धाकट्याला दुधाची खरी ॲलर्जी होती. थोरल्याला नव्हती. आणि आठ महिने दूध बंद ठेवलं ते थोरल्याचं.

आपल्याकडे "दूध पचत नाही" आणि "दूध सोसत नाही" हे एकाच दमात म्हणतात, तिथेच सगळा घोळ होतो. न पचणं म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, आतड्यात न फुटणं. त्याने पोट फुगतं, गॅस होतो, पातळ शी होते. अंगावर चट्टे येत नाहीत. एवढ्या लहान वयात ते सहसा जुलाबाच्या आजारानंतर काही दिवसांपुरतं होतं. न सोसणं म्हणजे शरीराने दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजणं. म्हणूनच लॅक्टोज काढलेलं दूध ॲलर्जीच्या मुलाला चालत नाही. त्यात साखर फोडलेली असते, प्रथिनं तशीच असतात.

ॲलर्जीच्याही दोन तऱ्हा. धाकट्याची पहिली तऱ्हा होती. दह्याचा दुसरा चमचा तोंडात गेला आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, कान लाल झाले, उलटी झाली. अशी तऱ्हा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. दुसरी रेंगाळत येते, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी. पोट बिघडतं, शीमध्ये रक्त किंवा चिकट आव दिसते, असलेला एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या कातडीचा आजार) भडकतो. ही ओळखायला अवघड.

आता तुमचा हिशेब. पावडरचं दूध कशाचं होतं? डबा बघा, बहुधा गायीच्याच दुधाचं. दही, चीज खाते का? पहिल्या वर्षात हे सगळं विनातक्रार चाललं असेल, तर वर्ष झाल्यावर अचानक दुधाला दोष देणं अवघड आहे. कोपर आणि गुडघ्याची लवण या एक्झिमाच्या ठरलेल्या जागा, आणि बहुतेक मुलांच्या एक्झिमामागे खाणं नसतंच. तोंडाभोवतीचे दाणे लाळ, टोमॅटो, आंबट फळं कातडीला लागून येतात. जेवायला बसवण्याआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा थर लावा आणि मग बघा. (ओठ सुजले, अंगावर दुसरीकडेही गांधी आल्या, तर मात्र गोष्ट वेगळी.)

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, "लालसर" बघा म्हणतात. आपल्या मुलांच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. चट्टा करडा, जांभळट किंवा नुसताच जास्त काळा दिसतो. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. डोळे मिटून हात फिरवला की खरखरीत जागा कळते. बरं झाल्यावर तिथे फिकट किंवा काळा डाग राहतो. तो आजार नाही, पण जायला महिने लागतात. थोरल्याच्या वेळी मी तो डाग बघून "अजून आहे, अजून आहे" म्हणत बसले होते.

आणि क्रीम! मी वाटाण्याएवढं लावायचे. नर्सबाईंनी विचारलं, "आठवड्याला किती संपतं?" मी म्हटलं, ट्यूब दोन महिने पुरते. त्या हसल्याच. एवढ्याशा पोराला आठवड्याला २५० ग्रॅम लागतं म्हणाल्या. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच, केसांच्या दिशेने, बिनवासाचं. चोळायचं नाही, थापायचं. फुटलेल्या कातडीवर साय, बदामाचं तेल असले खाण्याचे पदार्थ लावू नका. कातडीतून आत गेलेल्या अन्नाचीच ॲलर्जी पुढे बसू शकते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर घाबरून टिपका-टिपका लावू नका. मोठ्या माणसाच्या बोटाच्या पहिल्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

थोरल्याचं दूध मी स्वतःच्या डोक्याने थांबवलं. तेवढ्यात उन्हाळा लागला, चट्टे ओसरले, श्रेय दुधाला. परत देऊन बघायचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आठ महिन्यांनी डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, की एक्झिमाच्या मुलाचं सोसत असलेलं अन्न बराच काळ तोडलं तर शरीर त्याची ओळख विसरतं आणि नंतर दिल्यावर पहिल्या तऱ्हेची, झटकन उठणारी ॲलर्जी होऊ शकते. शेवटी त्याला दुधाचा पहिला घोट दवाखान्यात दिला. मी दोन तास त्याच्या गालाकडे टक लावून बसले होते. काही झालं नाही. पठ्ठ्याने दुसरा कप मागितला.

तेव्हा बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांना विचारून, २ ते ४ आठवडे, कॅलेंडरवर तारीख घालून. आणि मग परत द्यायचं. खरी परीक्षा परत देण्यातच आहे. बंद केल्यावर बरं वाटलं आणि दिल्यावर पुन्हा उठलं, तरच दूध गुन्हेगार. अर्थात गांधी किंवा उलटीसारखं काही झटकन झालेलं असेल तर हा प्रयोग घरी मुळीच नाही. रक्ताची किंवा त्वचेवर टोचून करायची चाचणीही पहिल्या तऱ्हेसाठीच. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणजे रेंगाळणारी तऱ्हा नाहीच असंही नाही. "आयजीजी" नावाच्या रक्तचाचणीची शंभर पदार्थांची यादी कुणी विकायला आलं तर पैसे वाचवा.

आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, जीभ सुजली, मूल एकदम मलूल पडलं, तर मेल लिहू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

— दोन मुलांची आई

---

Re: Re: Re: दूध बंद करू का?

वरच्या ताईंनी माझं काम निम्मं केलं. मी बालआहारतज्ज्ञ आहे, तेवढं पर्यायांबद्दल लिहिते. १०० मिली गायीच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं असतात. सोयाचं पेय प्रथिनांत जवळपास येतं. ओट्सच्या पेयात सुमारे १ ग्रॅम, बदामाच्यात त्याहून कमी. कॅल्शियम वरून घातलेलं आहे का ते खोक्यावर वाचा. सेंद्रिय म्हणून विकतात त्यात पुष्कळदा नसतं. आणि घातलेलं असलं तरी तळाशी बसतं, खोकं हलवून ओता. तांदळाचं पेय लहान मुलांना रोजचं दूध म्हणून नको, त्यात आर्सेनिक असतं. लेबलवर केसिन, व्हे, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच. लॅक्टिक ॲसिड हे नाव तेवढं दुधासारखं.

आणखी एक, दूध सोसणाऱ्या मुलांनाही दिवसाला ३५० ते ४०० मिली पुरे. त्यावर गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडतं.

— मंडळातली एक काकू

---

Re: Re: Re: Re: दूध बंद करू का?

बकरी मागे घेतो. आमच्याकडेही परत देऊन बघितलंच नव्हतं, दीड वर्ष झालं. येत्या आठवड्यात डॉक्टरांना विचारतो.

— तोच बाबा

---

Re: दूध बंद करू का? (सहा आठवड्यांनी)

मंडळी, काय झालं ते कळवायचं राहिलंच होतं.

पावडर गायीच्याच दुधाची निघाली आणि दही ती सात महिन्यांची असल्यापासून खाते. डॉक्टरांनी एवढंच ऐकून सांगितलं, दूध चालू ठेवा, आधी कातडी नीट करू. सात दिवस मलम आणि दिवसातून तीनदा क्रीम. अर्ध्या किलोची पंपाची बाटली दोन आठवड्यांत संपते, घरातल्या सगळ्या दारांच्या मुठी निसरड्या झाल्यात. पण पोरगी रात्री झोपते. मीही.

परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाल्या, "बघ, दूध तोडल्यावर कशी तुकतुकीत झाली!" तेव्हा पोरीच्या वरच्या ओठावर दुधाच्या मिशा होत्या. मी गप्प बसले.

सर्दी झाली की डाव्या कोपरात अजून खरखरीत लागतं, मग दोन दिवस पुन्हा मलम. जेलीने तोंडाभोवतीचं जवळजवळ थांबलंय, टोमॅटोचा दिवस सोडून.

पहिली मेल लिहायच्या आदल्या दिवशी घाईघाईने आणलेल्या ओट्सच्या पेयाची चार खोकी तशीच पडून आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा, रविवारी येताना आणते.

— आता एकदाच उठणारी आई