'प्रिटेंडर' : तोतया की दावेदार?

प्रश्न : इंग्लंडच्या इतिहासात राजा दुसऱ्या जेम्सचा मुलगा, गादीवर हक्क सांगणारा जेम्स स्टुअर्ट, याला 'ओल्ड प्रिटेंडर' म्हणतात. त्यासाठी 'म्हातारा तोतया' योग्य आहे का?

– दोन्ही शब्द चुकले. 'ओल्ड' इथे 'थोरला' आहे, आपल्या थोरल्या बाजीरावांसारखा. आणि 'प्रिटेंडर'चं मूळ फ्रेंच क्रियापद, अर्थ 'हक्क सांगणे'. म्हणून 'थोरला दावेदार'.

– पण 'खोटा' ही छटाही तेव्हा होतीच. १७०२च्या कायद्यात त्याला 'प्रिटेंडेड प्रिन्स ऑफ वेल्स' (प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे युवराज) म्हटलं, त्यातून दोन्ही अर्थ लागतात. मुळाशी अफवा होती. कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला १० जून १६८८ रोजी हा मुलगा झाला आणि प्रॉटेस्टंट मुलगी मेरी हिचा वारसा मागे पडला. लगेच बोभाटा झाला, की मूल राणीचं नाही, वॉर्मिंग पॅनमध्ये, म्हणजे अंथरूण गरम करायच्या भांड्यात, लपवून आणलं. अफवा टिकली कारण जवळचे प्रॉटेस्टंट साक्षीदार कमी पडले. राजाची दुसरी मुलगी ॲन बाथ या गावी होती, इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप, दोनच दिवसांपूर्वी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैद झाले होते. राजाने जन्माच्या साक्षी नोंदवल्या त्या ऑक्टोबरात. तोवर मेरीचा नवरा विल्यम याने इंग्लंडवर चालून येण्यापूर्वीच्या आपल्या जाहीरनाम्यात ही शंका घातलीही होती. मग 'तोतया' का नको?

– कारण तोतया स्वतः सोंग घेतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो तोतया. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून परतले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्यांना तोतया ठरवू पाहिलं. तो आरोप खोटा, पण शब्द चपखल, कारण 'मीच शाहू' म्हणणारा प्रौढ माणूस समोर होता. तान्हं मूल कसलं सोंग घेणार? तिथे 'बदललेलं मूल' किंवा 'राणीच्या नावावर खपवलेलं मूल' लिहावं.

– धाकट्या दावेदाराला ('यंग प्रिटेंडर'), म्हणजे १७४५ मध्ये गादीसाठी बंड करणाऱ्या चार्ल्स एडवर्डला, तर तोतया मुळीच म्हणू नये. तो थोरल्याचा मुलगा याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो गादीवरच्या हक्काचा. मात्र विरोधकांची पत्रकं अनुवादित करताना 'दावेदार' फार सभ्य होतो; तिथे 'तथाकथित युवराज' ठेवा, म्हणजे डंख राहतो.

– एक राहिलं. वॉर्मिंग पॅनला 'शेगडी' करू नका. अंथरूण ऊबदार करायचं ते लांब दांड्याचं, निखारे भरलेलं, झाकणाचं पसरट भांडं. झाकण गेलं की लपवण्याची गोष्टच उरत नाही.